दोन्ही कॅमेरे २४ मेगापिक्सेलचे, मग फुल फ्रेम वेगळा कशात?

कॅमेरा घ्यायला निघालेला माणूस हमखास अडखळतो तो या ठिकाणी. समोर दोन कॅमेरे असतात, दोन्हींवर २४ मेगापिक्सेल लिहिलेलं. दोन्हींतून निघणारा फोटो ६००० बाय ४००० पिक्सेलचाच. तरी एक दुसऱ्यापेक्षा कितीतरी महाग, कारण तो ‘फुल फ्रेम’ आहे आणि दुसरा ‘क्रॉप सेन्सर’. जाणत्या माणसाला विचारावं तर एक म्हणतो, “फुल फ्रेमची क्वालिटीच वेगळी.” दुसरा म्हणतो, “कॅमेऱ्याच्या बॉडीत काही नाही, सगळं लेन्समध्ये आहे.” दोघंही खरं बोलत असतात, पण अर्धवट. उरलेलं अर्धं कळलं की पैसे कुठे घालायचे आणि कुठे नाही, हे ठरवणं फार सोपं जातं. म्हणून जरा मुळापासून बघू.

हे माप आलं कुठून

सेन्सर म्हणजे लेन्सच्या मागे बसलेली चिप. पूर्वी जिथे फिल्म असायची, तिथे आता ही असते. फुल फ्रेम सेन्सर साधारण ३६ बाय २४ मिलिमीटरचा असतो. हे माप संगणकाच्या जमान्यातलं नाही. जर्मनीतल्या लाइट्झ कंपनीत काम करणाऱ्या ऑस्कर बार्नाक यांनी सिनेमाची फिल्म वापरून खिशात मावेल असा कॅमेरा केला. सिनेमाची चौकट २४ बाय १८ मिमीची होती, ती त्यांनी दुप्पट करून ३६ बाय २४ केली. १९२५ मध्ये हा कॅमेरा ‘लायका’ या नावाने बाजारात आला आणि पुढे कित्येक दशकं हौशी आणि व्यावसायिक, दोघांच्याही हातात हेच माप राहिलं. ‘फुल’ म्हणजे या जुन्या चौकटीएवढा, इतकाच त्या शब्दाचा अर्थ. याहून मोठे सेन्सरही असतात.

डिजिटल कॅमेरे आले तेव्हा एवढी मोठी चिप करणं फार महाग होतं. सिलिकॉनच्या गोल चकतीवर अनेक चिप एकदम घडवतात. त्या चकतीवर कुठे ना कुठे बारीकसा दोष राहतोच, आणि ज्या चिपवर तो येईल ती वाया जाते. चिप जितकी मोठी तितकी तिच्यात दोष सापडायची शक्यता जास्त, आणि एका चकतीतून निघतातही कमी. फुल फ्रेम आजही महाग आहे त्याचं एक मोठं कारण हेच. म्हणून निकॉनचा डी१ (१९९९) आणि कॅननचा ईओएस डी३० (२०००) लहान सेन्सर घेऊन आले. १९९६ मध्ये ‘एपीएस’ नावाची एक फिल्म आली होती, तिच्यातल्या ‘क्लासिक’ चौकटीच्या जवळ जाणारं हे माप, म्हणून त्याला एपीएस-सी म्हणू लागले. हाच तो क्रॉप सेन्सर. पुढे २००२ मध्ये कॅननने ११ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम १डीएस आणला आणि २००५ च्या ५डी पासून तो हौशी लोकांच्या आवाक्यात यायला लागला.

आज निकॉन, सोनी, फुजीचा क्रॉप सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमी असतो, कॅननचा थोडा आणखी लहान. लांबीत फरक दीडपटीचा, पण क्षेत्रफळात बघा: फुल फ्रेम ८६४ चौरस मिमी आणि क्रॉप सुमारे ३६७. हिशेबाला सोपं जावं म्हणून फुल फ्रेम सव्वादोन पट मोठा धरू. पुढचं सगळं या सव्वादोनाभोवतीच फिरतं.

पावसाचे पहिले थेंब

अंधाऱ्या खोलीत काढलेल्या फोटोत रवाळ दाणे दिसतात, सावलीच्या भागात रंगीत ठिपके येतात. त्याला नॉइज म्हणतात. पुष्कळांना वाटतं की हा कॅमेऱ्यातल्या इलेक्ट्रॉनिक्सचा दोष. थोडा असतोही. पण बराचसा नॉइज प्रकाशाच्या स्वभावातच असतो.

पाऊस नुकता सुरू होतो तेव्हा अंगणातल्या फरशीकडे बघा. एका लादीवर पाच थेंब पडलेले असतात, शेजारच्या लादीवर दोनच, तिसरीवर आठ. पाऊस सगळीकडे सारखाच आहे, तरी अंगण ठिपक्याठिपक्यांचं दिसतं. दोन मिनिटं पाऊस कोसळला की सगळ्या लाद्या सारख्या ओल्या. थेंबांच्या संख्येत तेव्हाही फरक असतोच, पण हजारो थेंबांत शे-पन्नासाचा फरक नजरेत भरत नाही.

सेन्सर म्हणजे अंगण, त्यावरचा एकेक पिक्सेल म्हणजे एकेक लादी, आणि प्रकाशही असाच कणाकणाने पडतो. एका लादीवर सरासरी १०० कण पडणार असतील तर प्रत्यक्षात दहाएक कमीजास्त पडतात, म्हणजे दहा टक्क्यांची चूक. १०,००० पडणार असतील तर शंभराची, म्हणजे एकच टक्का. प्रकाश जितका जास्त तितकं चित्र स्वच्छ. त्यामागे दुसरी काही जादू नाही.

आता दोन अंगणं घ्या, एक मोठं, एक लहान. दोन्हींत लाद्या सारख्याच, २.४ कोटी, म्हणजे २४ मेगापिक्सेल. मोठ्या अंगणातली लादी मोठी असणार. अॅपर्चर (लेन्समधलं प्रकाशाचं भोक), शटरचा वेळ आणि उजेड सारखा असेल, तर दर चौरस मिलिमीटरवर पडणारा पाऊस दोन्हीकडे सारखाच. पण मोठ्या लादीत सव्वादोन पट थेंब जमतात. नॉइज त्याच्या वर्गमुळाने कमी होतो, म्हणजे फुल फ्रेमचं चित्र दीडपट स्वच्छ.

प्रकाश दुप्पट होण्याला फोटोग्राफर ‘एक स्टॉप’ म्हणतात. दोन सेन्सरमधला फरक एका स्टॉपहून थोडा जास्त. प्रकाश कमी असताना चित्र उजळ करायचं जे बटण असतं, त्याला आयएसओ म्हणतात. त्या भाषेत सांगायचं तर फुल फ्रेमचा आयएसओ ६४०० आणि क्रॉपचा सुमारे २८००, हे दिसायला सारखे. भर उन्हात मात्र दोन्ही अंगणं चिंब झालेली असतात, तिथे फरक शोधूनही सापडत नाही. तीव्र ऊन आणि गडद सावली एकाच फोटोत आली, आणि ती सावली नंतर संगणकावर उजळली, तर तिथे हा एक स्टॉप पुन्हा दिसतो. सावलीत दिवसाही पाऊस कमीच पडलेला असतो.

पुस्तकांच्या कपाटासमोर

हे सगळं कागदावर वाचून मला पटलं होतं, पण डोळ्यांनी बघायचं होतं. मित्राचा फुल फ्रेम कॅमेरा दोन दिवसांसाठी आणला आणि माझ्या क्रॉप कॅमेऱ्याशेजारी ट्रायपॉडवर लावला. दोन्ही २४ मेगापिक्सेलचे. समोर पुस्तकांचं कपाट आणि त्याच्या पुढे पेन्सिलींचा एक डबा. फुल फ्रेमला ५० मिमीची लेन्स, क्रॉपला ३५ मिमीची, म्हणजे दोघांना दिसणारा भाग जवळजवळ सारखा.

सकाळी खिडकीच्या उजेडात आयएसओ १०० वर फोटो काढले. संगणकावर शेजारी शेजारी लावून कितीतरी वेळ बघत बसलो. नावं झाकली तर कुठला कुणाचा ते सांगता येईना.

रात्री फक्त टेबललॅम्प ठेवला. दोन्ही कॅमेऱ्यांना अॅपर्चर एफ/४, शटर एक सेकंदाचा साठावा भाग, आयएसओ ६४००. आता फरक समोर आला. कपाटात निळ्या कापडी बांधणीचा एक जुना शब्दकोश आहे. फुल फ्रेमच्या फोटोत त्या कापडाची वीण दिसत होती, उभे आडवे धागे वेगळे. क्रॉपच्या फोटोत निळा रंग होता, सोनेरी अक्षरं होती, पण वीण दाण्यांमध्ये हरवली होती.

मग मी क्रॉप कॅमेऱ्यावर एकच बदल केला: लेन्स एफ/२.८ पर्यंत उघडली. उजेड दुप्पट झाला, म्हणून आयएसओ ३२०० वर आणला. शटर तेच. वीण परत आली. पुढचा पेन्सिलींचा डबाही आता दोन्ही फोटोंत सारखाच धूसर होता. आधी तो क्रॉपमध्ये जास्त स्पष्ट होता.

याचं गणित इतकं साधं आहे की ते मला आधी कुणी का सांगितलं नाही, असं वाटतं. एफ/४ म्हणजे लेन्सच्या फोकल लेंथला (लेन्सवरचा ५० किंवा ३५ मिमी हा आकडा) ४ ने भागायचं. ५० भागिले ४ म्हणजे भोक १२.५ मिमीचं. ३५ भागिले २.८? तेही १२.५ मिमी. कपाटावरून निघालेला प्रकाश दोन्ही कॅमेऱ्यांत एकाच मापाच्या भोकातून शिरला, तितकाच वेळ शिरला, तितक्याच लाद्यांवर पसरला. म्हणून फोटो सारखे.

माझ्या मते या सगळ्या वादाचं मर्म एवढंच आहे. मोठा सेन्सर स्वतः प्रकाश तयार करत नाही. तो जास्त प्रकाश घ्यायची सोय करून देतो, आणि ती सोय लेन्सने वापरली तरच फोटोत दिसते.

मग रिझोल्यूशन तरी सारखं ना?

फोटोत किती बारीक तपशील वेगळा दिसतो, ते रिझोल्यूशन. मेगापिक्सेलचा आकडा फक्त लाद्या किती ते सांगतो. त्या लाद्यांवर चित्र किती रेखीव पडतं, ते लेन्स ठरवते.

न फुगवलेल्या फुग्यावर पेनाने एक अक्षर काढा आणि फुगा फुगवा. अक्षर मोठं होतं, तशी रेघही पसरते आणि कडा भुरकट होते. जितका जास्त फुगवाल तितकी जास्त. ३६ सेंटिमीटर रुंदीची प्रिंट काढायची तर फुल फ्रेमवरचं चित्र १० पट मोठं करावं लागतं, क्रॉपवरचं १५ पट. लेन्सचा बारीकसारीक भुरकटपणाही त्याच पटीत मोठा होतो.

एक उदाहरण घेऊ. प्रकाश अरुंद भोकातून गेला की थोडा पसरतो, आणि लेन्स कितीही उत्तम असली तरी हे टळत नाही. एफ/८ ला टिंबाचा ठिपका मिलिमीटरच्या सुमारे शंभराव्या भागाएवढा होतो. प्रिंटमध्ये तो फुल फ्रेममधून आला तर ०.१ मिमी, क्रॉपमधून आला तर ०.१५ मिमी. म्हणून क्रॉपवर एफ/११ ला जी नरमाई दिसायला लागते, ती फुल फ्रेमवर एफ/१६ च्या आसपास दिसते. इथेही क्रॉपवाल्याला वाट आहे: एफ/८ ऐवजी एफ/५.६ वापरायचं. पण त्या अॅपर्चरला चांगली रेखीव राहील अशी लेन्स हवी. स्वस्तातल्या लेन्स नेमक्या तिथे कमी पडतात. सारख्याच दर्जाच्या लेन्स लावल्या तर २४ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम २४ मेगापिक्सेलच्या क्रॉपपेक्षा थोडा जास्त रेखीव तपशील देतो, तो यामुळे.

मेगापिक्सेल वाढवून काय होतं? वाटतं त्यापेक्षा कमी. सोनीचा ए७आर ४ (२०१९) ६१ मेगापिक्सेलचा फुल फ्रेम, त्याच्या फोटोची रुंदी ९५०४ पिक्सेल. २४ मेगापिक्सेलची ६०००. मेगापिक्सेल अडीच पट झाले, पण आडव्या रेषेत तपशील जेमतेम १.६ पट. तपशील दुप्पट हवा तर मेगापिक्सेल चौपट लागतात. आणि आता फुजीच्या एक्स-टी५ (२०२२) सारखा क्रॉप कॅमेराही ४० मेगापिक्सेलचा असतो. चांगला उजेड आणि उत्तम लेन्स असेल तर तो २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेमपेक्षा जास्त तपशील दाखवू शकतो. तेव्हा ‘फुल फ्रेमचं रिझोल्यूशन जास्त’ हे सरसकट विधान मी तरी करणार नाही.

“क्रॉपवर ५० ची लेन्स ७५ ची होते ना?”

लेन्स काही होत नाही. ती आहे तशीच राहते. पडद्यावर प्रोजेक्टरचं चित्र पडलं आहे असं समजा. पडद्याच्या मध्यावर लहान कागद धरला तर त्यावर चित्राचा मधलाच भाग पडेल. चित्र मोठं झालेलं नाही, कडा कापल्या गेल्या. तो कापलेला भाग ७५ मिमीच्या लेन्समधून फुल फ्रेमवर जेवढा दिसला असता तेवढा असतो, म्हणून तसं म्हणायची पद्धत पडली. चेहऱ्याची ठेवण, नाक मोठं दिसणं, मागचे डोंगर जवळ वाटणं हे सगळं तुम्ही कुठे उभे आहात यावर ठरतं, सेन्सरवर नाही.

पक्ष्यांचे फोटो काढणाऱ्यांसाठी मात्र हा कापलेला कागद फार उपयोगाचा आहे. पाण्याकाठच्या फांदीवर वीतभरही नसलेला खंड्या बसला आहे, तुम्ही तीस-पस्तीस मीटरवर आहात, पुढे पाऊल टाकलं तर तो उडणार. हातात ४०० मिमीची लेन्स. सेन्सरवर त्याचं चित्र जेमतेम दोन मिमीचं पडतं, मग सेन्सर कुठलाही असो. २४ मेगापिक्सेलच्या फुल फ्रेममध्ये एक पिक्सेल ६ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), म्हणजे खंड्याच्या वाट्याला लांबीत ३३० पिक्सेल येतात. २४ मेगापिक्सेलच्या क्रॉपमध्ये पिक्सेल ३.९ मायक्रॉनचा, तिथे ५१० येतात. पंखांवरचे निळे ठिपके मोजता येतील की नाही, एवढा हा फरक आहे. आणि नॉइज? खंड्यावरून आलेला प्रकाश दोन्हीकडे तेवढाच. फुल फ्रेमच्या मोठ्या अंगणाचा उरलेला भाग रिकाम्या पाण्यावर खर्च झाला.

ए७आर ४ सारखा कॅमेरा क्रॉप मोडवर टाकला, म्हणजे सेन्सरचा फक्त मधला, क्रॉपएवढा भाग वापरला, की ६१ चे २६ मेगापिक्सेल उरतात. म्हणजे त्याच्या पोटातच एक चांगला क्रॉप कॅमेरा आहे. दोन्ही सोयी एकत्र हव्या असतील तर मिळतात, मोल मात्र मोजावं लागतं.

“पिक्सेल लहान केले की नॉइज वाढणारच”

हा समज फार घट्ट बसलेला आहे. एक पिक्सेल एकटा बघितला तर खरं आहे: लादी लहान, थेंब कमी, गडबड जास्त. पण आपण पिक्सेल बघत नाही, फोटो बघतो. त्याच अंगणात जास्त लाद्या घातल्या म्हणून पाऊस कमी पडत नाही. ६१ आणि २४ मेगापिक्सेलचे, एकाच पिढीतले दोन फुल फ्रेम फोटो सारख्याच आकारात छापा, दाणे जवळजवळ सारखे दिसतील. प्रत्येक लादीतले थेंब मोजतानाही थोडी चूक होते आणि लाद्या वाढल्या की त्या चुकांची भर पडते, हे कबूल. पण ती जाणवते फार मिट्ट काळोखात. संगणकावर फोटो ‘शंभर टक्के’ आकारात, म्हणजे फोटोचा एक पिक्सेल पडद्याच्या एका पिक्सेलवर येईल असा लावून दोन कॅमेऱ्यांची तुलना करणारे बहुतेकदा इथेच फसतात, कारण जास्त मेगापिक्सेलवाला फोटो ते नकळत जास्त मोठा करून बघत असतात.

मोजणीतली ही चूक गेल्या वीस वर्षांत खूपच कमी झाली आहे. त्यामुळे कुणी जुना, पहिल्या काळातला फुल फ्रेम स्वस्तात देत असेल तर जरा थांबा. सावल्या उजळायच्या कामात आजचा साधा क्रॉप कॅमेरा त्याला सहज मागे टाकतो. सव्वादोनाचा हिशेब एकाच पिढीतल्या सेन्सरना लागू आहे.

“पण माझे फोटो फोनवरच बघितले जातात”

मग रिझोल्यूशनची काळजी सोडून द्या, अगदी मनापासून सांगतो. फोर-के पडद्यावर सगळे मिळून ८३ लाख पिक्सेल असतात, म्हणजे ८.३ मेगापिक्सेल. २४ मेगापिक्सेलचा फोटो तिथे दाखवताना जवळपास तीन पिक्सेलचा एक होतो. फोनवर तर आणखी लहान. या आकसण्यात दाणेही एकमेकांत मिसळतात आणि नॉइज बराच झाकला जातो.

मागची धूसर पार्श्वभूमी मात्र फोटो लहान केला तरी जात नाही. तिचाही संबंध त्या १२.५ मिमीच्या भोकाशीच. दोन्ही कॅमेऱ्यांवर सारखाच एफ आकडा ठेवून सारखाच भाग चौकटीत घेतला, तर फुल फ्रेमवर भोक दीडपट मोठं असतं आणि माणूस मागच्या गर्दीतून सुटा होऊन पुढे येतो. फुल फ्रेमच्या फोटोंना ‘वेगळा लूक’ असतो असं लोक म्हणतात, ते बहुतेक वेळा हेच बघून.

“मग बॉडी बदलू की लेन्स?”

क्रॉप कॅमेऱ्यासोबत येते ती १८-५५ मिमीची लेन्स ५० मिमीच्या आसपास एफ/५.६ च्या पुढे उघडत नाही. तिथे ५० मिमी एफ/१.८ लावली की प्रकाश साडेनऊ पटीहून जास्त वाढतो. हीच लेन्स ठेवून नुसतं फुल फ्रेमकडे गेलात तर ती त्या चौकटीला पुरत नाही. आणि एफ/५.६ पर्यंतच उघडणारी दुसरी लेन्स घेतलीत तर फायदा सव्वादोन पट. घरातल्या समारंभांचे, रंगमंचावरचे फोटो अंधारे येतात म्हणून बॉडी बदलायला निघालेल्या प्रत्येकाला मी आधी लेन्सचं नाव विचारतो. दहातल्या बहुतेकांकडे अजून ती सोबत आलेलीच लेन्स असते.

उरलेल्यांची गोष्ट वेगळी. जे आधीच एफ/१.८ किंवा एफ/१.४ वर काम करतात, शटर आणखी हळू केलं तर नाचणारा हात पुसट होतो, आणि तरी फोटो रवाळ येतो, त्यांना लेन्सकडून आणखी काही मिळण्यासारखं नसतं. फुल फ्रेमवर ५० मिमी एफ/१.४ जे करते, ते क्रॉपवर करायला ३३ मिमीची एफ/०.९ च्या जवळची लेन्स लागेल. २४-७० एफ/२.८ झूमची बरोबरी करायची तर १६-४७ मिमीची एफ/१.९ लागेल. अशा लेन्स क्वचितच बनतात, आणि बनल्या तर आकाराने, वजनाने आणि किमतीने फुल फ्रेमच्या लेन्सएवढ्याच होतात, कारण काचेला तेवढंच मोठं भोक मोकळं ठेवायचं असतं. या माणसाने फुल फ्रेम जरूर घ्यावा. त्याला लागणारा प्रकाश दुसऱ्या वाटेने आत येत नाही.